कॅनवालीला न गेलेलं बोलावणं

तुम्ही दोघांनी टीव्हीवरच्या त्या कार्यक्रमातला माझा तुकडा घरच्या ग्रुपवर टाकलात आणि खाली लिहिलंत, 'आमची आजी!' तिकडे परदेशातल्या मित्रांनाही दाखवलात, त्या वाक्याचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगितलात, असं तुमची आई म्हणाली. मी उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्यावर जे लिहायला हवं होतं ते फोनवर एका बोटाने लिहिण्यासारखं नव्हतं. म्हणून आज वही घेऊन बसले आहे.

ते वाक्य माझं नाही. ज्या बाईचं आहे तिला त्या कार्यक्रमाला बोलावलं गेलं नाही, आणि ते माझ्यामुळे.

आता क्रमाने सांगते.

तुमची आई तेव्हा कॉलेजसाठी बीडला खोली करून राहत होती. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. लोक नदीच्या पात्रात खड्डे करून वाटीने पाणी भरत होते. आपल्या गावात सहकारी दूध संस्था होती. तिला स्वतःची इमारत होती, चेअरमन होते, सेक्रेटरी होता, वजनकाटा होता, ओळीने मांडलेले कॅन होते. फक्त दूध नव्हतं. जनावरं निम्मी छावणीत होती, निम्मी युसूफ वडगावच्या बाजारात विकून झाली होती. तरी दर महिन्याला संचालकांची बैठक व्हायची आणि त्या बैठकीत कोरा चहा यायचा. दूध संस्थेच्या बैठकीत कोरा चहा! ही गोष्ट कुणीतरी मुंबईच्या एका दिग्दर्शकाला सांगितली. तो इतका हसला म्हणे, की दोन महिन्यांत त्याने दुष्काळी गावातल्या दूध संस्थेवर विनोदी मालिका लिहून घेतली आणि चित्रीकरणाला थेट आपल्याच गावात आला.

मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. औरंगाबादला राहून बी. ए. झालेली गावात मी एकटीच बाई. दिग्दर्शक निम्मं इंग्रजीत बोलायचा, म्हणून गावाने मला पुढे केलं. त्याने मला दोन कामं दिली. एक, मुंबईच्या नटांना आपली बोली शिकवणं. दुसरं, गर्दीत उभ्या राहणाऱ्या गावकऱ्यांची वही ठेवणं. कोण कोणत्या प्रसंगात होतं, कुठे उभं होतं, अंगावर कोणत्या रंगाचं लुगडं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुढे घेताना गोंधळ होणार नाही. तुम्हाला माहीत आहे, असं काम मला आवडतं. मी पट्टीने रेघा मारून वही आखली.

ऊस तोडायला गेलेली मंडळी चैत्रात परत आली होती. टँकरवरच्या गर्दीसाठी दिग्दर्शकाला तीच हवी होती, उन्हाने रापलेली. मी तोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाला बोलावून वस्तीवरची नावं विचारली. त्याने हंगामासाठी सांगावी तशी सांगितली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. पण नाव लागतं नवऱ्याचं आणि मोजायचा तो एक कोयता. मुकादम सांगत गेला, "ह्या घरचा एक कोयता, त्या घरचे दोन," आणि मी तसंच लिहीत गेले. नवऱ्याचं नाव, पुढे 'कोयता १'. माझ्या इतक्या नीटनेटक्या वहीत वस्तीवरच्या एकाही बाईचं नाव नव्हतं. तेव्हा ते खटकलंसुद्धा नाही. उलट, बोलीतला शब्द वापरल्याचं मला कौतुक वाटलं होतं.

त्यातल्या एका कोयत्यातली बाई म्हणजे ती. तिला मी 'कॅनवाली' म्हणते, कारण पुढे सगळे तसंच म्हणायला लागले. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असेल. मी तिला 'अगं' म्हणायची, ती मला 'तुमी'.

पाचव्या दिवशी मोठा प्रसंग होता. मालिकेतला चेअरमन रिकाम्या कॅनांसमोर भाषण करतो, हात उंचावून म्हणतो, "आपल्या संस्थेचा कारभार दुधासारखा स्वच्छ आहे!" आणि गर्दीने टाळ्या वाजवायच्या. नट चांगला होता, पण काही ना काही बिघडत होतं. एकदा कुत्रं आलं, एकदा वारा सुटला. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा त्याने हात उंचावला. कॅनवाली दुसऱ्या ओळीत होती. पाण्याच्या रांगेसाठी दिलेला मोकळा कॅन तिच्या कमरेवर होता. कॅमेऱ्यासाठी नव्हे, उन्हाला वैतागून ती बोलली.

"दुधासारखा काहून म्हणता सायेब? दूध हाय कुठं? कॅनावानी म्हणा. आत काई न्हाई, अन् वाजतंय लई."

आणि तिने बोटांच्या पेरांनी कॅनवर टक् टक् केलं.

आधी कॅमेरावाला हसला. मग नट हात वर तसाच धरून हसायला लागला. गर्दीत उभे असलेले आपले खरे चेअरमन आधी हसले आणि मग कुणावर हसतोय ते लक्षात येऊन गप्प झाले. दिग्दर्शक धावत आला. "हेच! हेच ठेवायचं. बाई, पुन्हा म्हणा."

पण पुन्हा म्हणायचं म्हटल्यावर तिने पदर तोंडावर घेतला. "आता काय म्हणलं ते ध्यानात न्हाई बगा. तोंडातून गेलं."

मी वहीत उतरून घेतलं होतं. माझा हात आपोआप चालतो. मी तिच्या शेजारी उभी राहून तिला तिचंच वाक्य शब्दाशब्दाने सांगितलं आणि ती माझ्यामागून म्हणत गेली. गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलं ते हे: बाई सांगतायत आणि ती म्हणतीय. बाकी सगळं त्यातून झालं.

मालिका लागली आणि ते वाक्य कुठल्या कुठे गेलं. साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत कुणी लांबलचक बोलायला लागलं की मागून खुर्चीच्या पत्र्यावर टक् टक् व्हायचं आणि मंडप हसायचा. तेलगावच्या एका लग्नात मुलाच्या बाजूचे लोक फार मोठेपणा सांगत होते, तर मुलीच्या मामाने ताटावर टक् टक् केलं म्हणून रुसवाफुगवी झाली, असंही ऐकलं. एक वार्ताहर गावात आला. त्याने चेअरमनना विचारलं, "वाक्य कुणाचं?" चेअरमन म्हणाले, "कुणाचं म्हणजे? आमच्या बाईंचं. गावात लिवणारं दुसरं हाय कोण?"

वार्ताहराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "अहो, कसलं माझं. सगळ्या गावाचंच आहे ते."

हे वाक्य मात्र माझं स्वतःचं आहे. ऐकायला किती नम्र. त्याला वाटलं, बाई मोठेपणा घेत नाहीत. मला जे म्हणायचं नव्हतं ते मी म्हटलं नाही आणि जे त्याने समजावं असं वाटत होतं ते तो समजला. गणपतीनंतर दूध संस्थेने शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला, तेव्हा मी मुद्दाम तिला निरोप पाठवला, की ये. पण दसरा जवळ आला होता आणि तिचं बोचकं बांधून झालं होतं. आली नाही याचं मला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

पुढे वर्षं गेली. नव्या शिक्षकांना, पाहुण्यांना, तुमच्या आजोबांच्या मित्रांना ती हकीकत सांगताना मी आधी म्हणायची, "एक बाई होती, तिच्या तोंडून आलं." मग, "एका बाईला मी सांगितलं आणि तिने म्हटलं." हेही खोटं नव्हतं. मग मी ती बाईच गाळली. कुठल्या वर्षी गाळली ते मला आठवत नाही, आणि मला बहुतेक गोष्टींची वर्षं आठवतात.

पंचवीस वर्षं झाली तेव्हा वाहिनीवरून एका मुलीचा फोन आला. मालिकेच्या लोकांना पुन्हा एकत्र आणून कार्यक्रम करायचा होता. "आजी, गावातल्या सहा जणांची सोय होईल. तुमच्याकडे वही आहे म्हणे. यादी तुम्हीच द्या ना. आणि त्या फेमस वाक्याच्या भागाची टेप खराब झालीये, मिळतच नाहीये. तर ते वाक्य स्टेजवर तुम्हीच म्हणायचं. चालेल ना?"

मी "चालेल" म्हणाले.

वही कपाटात होती तशीच. मी लाल पेन आणि पट्टी घेऊन बसले. जे गेले त्यांच्या नावावर रेघ मारून पुढे 'मयत' लिहीत गेले. कॅनवालीचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता. मी भेटायलाही गेले होते. त्याच्या नावावर रेघ मारली. पुढे 'कोयता १' होतं, रेघ त्याच्यावरूनही गेली. आणि तिथे माझा हात थांबला. एका कोयत्यात दोन माणसं असतात हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? ती जिवंत होती, मुलासुनेबरोबर अजून तोडीला जात होती. पण वहीप्रमाणे ते घर संपलं होतं. वही नीट ठेवलेली होती. मी पान उलटलं.

कुणाला सांगायची वेळ आली असती तर मी म्हणाले असते, चूक झाली. पान उलटण्याआधी मी किती वेळ थांबले होते ते फक्त मला माहीत आहे.

संध्याकाळी आपले माजी चेअरमन काठी टेकत आले. संस्था बंद पडून पंधरा वर्षं झाली, पण त्यांना अजून सगळे चेअरमनच म्हणतात.

"बाई, यादी करताय म्हणं. आमच्या पुतण्याचं नाव टाका."

"साहेब, तो तेव्हा पाळण्यात होता."

"मग? तिसऱ्या भागात लेकरू रडतंय ते कोण? त्योच!"

"आवाज फक्त रडण्याचा आहे."

"आवाज त हाय ना? काई काई लोकांचा तेवढाबी न्हाई अन् ते चाललेत." मग जरा हळू आवाजात, "त्याची जीप हाय. मुंबईपस्तोर नेतो म्हणतोय. तुमाला त्रास नको."

मी टाकलं. पाळण्यात रडलेल्या माणसाला सहापैकी एक जागा मिळाली. चेअरमन खूश होऊन उठले आणि दारात थांबून म्हणाले, "ती कॅनवाली हो? तिला न्हाई का?"

"ती तोडीला गेलीय ना," मी म्हणाले.

"हां, मंग कुठं सापडायची," ते म्हणाले आणि गेले.

मुकादमाचं घर आपल्या गल्लीत आहे. त्याचा मुलगाच आता मुकादम आहे आणि कोणती टोळी कोणत्या गावच्या रानात उतरली आहे ते त्याच्या फोनमध्ये असतं. मला तीस पावलं चालायची होती.

मुंबईच्या त्या स्टुडिओत त्यांनी दूध संस्था उभी केली होती. प्लायवूडच्या जमिनीवर तपकिरी रंगाने भेगा काढल्या होत्या. कॅन कोरे होते, एकालाही पोचा नव्हता. चेअरमनचं काम केलेला नट आता म्हातारा झाला होता, गुडघ्यांना पट्टे होते. त्याने मला ओळखलं, वाकून नमस्कार केला आणि आमच्या सहा जणांवरून नजर फिरवली. पुतण्यावर ती जरा अडली.

"कॅनवाल्या बाई नाही आल्या?"

"त्या ऊसतोडीला असतात या दिवसांत. भेटत नाहीत," मी म्हणाले. माझ्या लक्षात आलं, तिच्यासाठी 'त्या' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला होता.

"कुठल्या भागात?"

"नक्की नाही सांगता येणार."

"अरेरे," तो म्हणाला. "मी त्यांच्यासाठीच आलो होतो, खरं सांगायचं तर. इतकी वर्षं लोक मला त्या वाक्यावरून ओळखतात, आणि मी तर ते ऐकून फक्त हसलो होतो."

मग दिवे लागले. निवेदकाने सांगितलं, "आणि ज्यांच्या लेखणीतून ते अमर वाक्य उतरलं, त्या आपल्या बाई!" मी उठले. म्हटलं. कॅनवर टक् टक् केलं. ते तुम्ही पाहिलंच आहे. तुम्ही पाहिलं नसेल ते एवढंच, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्यानंतर जरा वेळाने त्या नटाने वाजवल्या. माझ्याकडे न पाहता.

परत येताना चौसाळ्याला जेवायला थांबलो. पुतण्या सगळ्यांना स्वतःचे फोटो दाखवत होता. मी फक्त ताक घेतलं.

होळीनंतर तोडीची मंडळी परत आली. एका सकाळी ती दारात उभी राहिली. केस पांढरे झाले होते, हात तेच होते. मला वाटलं आता ती बोलणार. मी मनात उत्तरं जुळवायला लागले.

"बाई, शूटिंगचा एखांदा फोटो हाय का तुमच्याकडं? जुना?"

"कशाला गं?"

"नातीला दावायचाय." ती उंबऱ्याच्या बाहेरच बसली. "नववीत हाय, आमी गेलो की हंगामी वसतिगृहात राहती. तुमच्याच शाळंत. टीवीवर लागणार म्हणल्यावर तिनं समद्या पोरींना सांगितलं, माजी आजी येणार हाय, ते कॅनाचं माज्या आजीनं म्हणलेलं हाय. समद्या बसल्या बगायला. अन् म्या काई आलेच न्हाई."

मी पाण्याचा तांब्या उंबऱ्यापाशी ठेवला.

"तुमी आलात. लई चांगल्या दिसत व्हतात," ती म्हणाली. तिने टोमणा मारला नाही. मी तो शोधत होते, नव्हता. "पर पोरी तिला फेकू म्हणाया लागल्या. आता तिलाबी वाटतंय, म्याच फेकत आले इतके दिस. मला म्हणती, आजी, काहून खोटं सांगितलंस? म्हणून म्हणलं, फोटो असला त बरं व्हईल."

मी अल्बम काढला. पाच फोटो होते. चारांत दिग्दर्शक, नट, चेअरमन आणि मी. पाचव्यात टँकरची रांग. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि हसली.

"ह्यो बगा, माजा आंबाडा!"

खरंच, तिचं तोंड टँकरकडे होतं. दिसत होती ती पाठ, कमरेवरचा कॅन आणि अंबाडा.

"घेऊन जा," मी म्हणाले.

"नेते. पर नात म्हणंल, आंबाडा कुणाचाबी असतोय."

तिने फोटो पदराच्या टोकात गुंडाळला, चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि गेली. 'चल, मी येते आणि तुझ्या नातीला सांगते,' हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. त्यानंतर चार दिवस ते तिथेच होतं. चौथ्या दिवशी तुमचा तो तुकडा ग्रुपवर आला. 'आमची आजी!' तिच्या नातीनेही वसतिगृहात असेच दोन शब्द म्हटले असतील.

पाचव्या दिवशी मी वस्तीवर गेले. वही बरोबर घेतली. मुलगा-सून विहिरीच्या कामावर गेले होते. घरात दोघीच होत्या. मला पाहून तिने लगबगीने बाज अंगणात ओढली, पोत्याची घडी झटकून टाकली. नात दाराला टेकून उभी राहिली. तिने नमस्कार केला नाही.

मी वही उघडली. त्या दिवसाचं पान काढलं आणि वाक्य दाखवलं. "हे तुझ्या आजीने म्हटलं होतं. मी ऐकून लिहून घेतलं."

तिने वाचलं. "हितं आजीचं नाव कुठाय?"

"नाव... ते आजोबांच्या नावाने आहे. कोयता म्हणून."

"त्याच्यावर त रेघ हाय."

"हो."

"अक्षर तुमचं, वही तुमची. टीवीत तुमी म्हणल्या, तुमी लिवलं. आता म्हणता, तुमी न्हाई लिवलं. मंग बाई, खोटं कवा बोललात, तवा का आता?"

"ए!" आजी ओरडली. "बाईसंगं असं बोलत्यात व्हय? पाया पड आधी."

"राहू दे," मी म्हणाले. "तेव्हा बोलले. टीव्हीवर."

एवढं सोपं होतं ते वाक्य.  मुलगी आत गेली आणि फोन घेऊन आली. "मंग हे परत म्हणा. पोरींना दावते."

मी पदर सारखा केला, चष्मा पुसला. तिने फोन माझ्यासमोर धरला आणि मी म्हणाले, "नमस्कार. त्या मालिकेतलं प्रसिद्ध वाक्य आम्ही दोघींनी मिळून..."

माझंच बोलणं माझ्या कानांवर आलं. तरी वाक्य पूर्ण केलं. पंचवीस वर्षांची सवय होती, तोंड आपोआप तिकडे वळलं.

"झालं," आजी घाईने म्हणाली. "लई चांगलं झालं. बास की आता."

मुलीने फोन खाली घेतला. "दोगींनी मिळून न्हाई. पुन्हा म्हणा, बाई."

"अगं, बास म्हणते ना मी! मोठ्या माणसाला कितींदा म्हणाया लावतीस?"

"पुन्हा," मुलगी म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं. हे वाक्य हिच्या आजीचं आहे. एकटीचं. मी फक्त उतरून घेतलं आणि नंतर माझं म्हणून मिरवलं. कार्यक्रमाची यादी मी केली होती. मी तिला बोलावलं नाही. ती सापडली असती, मी शोधलं नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं. शेजारच्या दोन बाया घागरी घेऊन थांबल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मिरवलं हा शब्द म्हणताना माझा आवाज शाळेतल्यासारखा स्पष्ट निघाला, याचंसुद्धा मला कुठेतरी बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

मुलीने फोन आजीच्या हातात दिला. आजीने तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. संपूर्ण ऐकलं. दोन्ही बाया तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. ऐकून झाल्यावर तिने मान हलवली.

"आता ब्येस झालं," ती म्हणाली. आणि मग त्याच सुरात, जसं पंचवीस वर्षांपूर्वी उन्हात बोलली होती तसं, "पर बाई, ह्याच्यातबी तुमीच हायत की वो. मी कुठं हाय?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मुलगीसुद्धा हसली, पहिल्यांदाच. मला मात्र हसू आलं नाही. दोन वेळा चित्रीकरण झालं, बाज लांब होती, आजी हाताच्या अंतरावर उभी होती, आणि शेजारी बस असं म्हणायचं मला सुचलं नव्हतं.

मी सरकून बाजेवर जागा केली. म्हणाले, "या ना. बसा इथे. एकदा तुम्ही म्हणा, तुमच्या तोंडाने."

"मी कशाला," ती म्हणाली. "तव्यावर भाकर हाय माजी, करपल."

ती आत गेली. मी बसले होते तिथून चूल दिसत होती. ती विझलेली होती.